संसर्गजन्य रोगांवर पीएचडी: खान्देशातून अर्ज करणाऱ्यांसाठी

एमएस्सी मायक्रोबायोलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजी झालेल्या मुलामुलींच्या एसओपीत (अर्जासोबतच्या हेतुपत्रात) एक वाक्य हमखास सापडतं: 'मला लहानपणापासून सूक्ष्मजीवांची आवड होती.' ते आधी खोडा. निवड समितीतल्या माणसाने त्याच दुपारी ते बऱ्याच अर्जांत वाचलेलं असतं.

त्याखालचं वाक्य जास्त घातक असतं: 'मला टीबीवर संशोधन करायचं आहे.' टीबीवर म्हणजे नेमकं कशावर? औषधाला दाद न देणाऱ्या जंतूच्या जनुकांवर, मॅक्रोफेजच्या (जंतू गिळणाऱ्या पेशीच्या) आत तो जंतू कसा तगून राहतो त्यावर, की रुग्ण औषधं मध्येच का सोडतो यावर? रोग एक, धंदे तीन. पहिल्याला मॉलिक्युलर बायोलॉजीची लॅब लागते. दुसऱ्याला इम्युनॉलॉजी आणि सेल कल्चर लागतं, आणि जिवंत क्षयजंतू वाढवायचा तर बीएसएल-३ (धोकादायक जंतूंसाठीची बंदिस्त) लॅबही. तिसऱ्याला साथरोगशास्त्र, संख्याशास्त्र आणि चालायची तयारी. गाइड वेगळे, संस्था वेगळ्या, कधी कधी प्रवेश परीक्षाही वेगळी. हे ठरत नाही तोवर फॉर्म भरू नका, फी वाया जाते.

ठरलं की संस्थांची यादी आपोआप लहान होते. विषाणूंसाठी पुण्याची एनआयव्ही, जी १९५२ साली व्हायरस रिसर्च सेंटर म्हणून सुरू झाली. क्षयासाठी चेन्नईची एनआयआरटी, मलेरियासाठी दिल्लीची एनआयएमआर, डास आणि इतर रोगवाहक कीटकांसाठी पुदुच्चेरीची व्हीसीआरसी. या सगळ्या आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या). जंतू आणि शरीर यांच्यातल्या झटापटीत रस असेल तर दिल्लीची आयसीजीईबी, फरिदाबादची टीएचएसटीआय, पुण्याची एनसीसीएस, बंगळुरूची आयआयएससी. मुंबईची हाफकिन, १८९९ची, आपल्या मुलांच्या यादीत का कोण जाणे सहसा नसते. यातल्या बऱ्याच संस्था स्वतः पदवी देत नाहीत. पदवी कोणत्या विद्यापीठाची मिळणार ते आधी विचारून घ्या, कारण नोंदणी, कोर्सवर्क आणि फी त्या विद्यापीठाच्या नियमाने चालते.

जळगावला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात राहूनही हे करता येतं, त्यात काही कमीपणा नाही. मात्र यूजीसीच्या २०२२च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाकडे एका वेळी जास्तीत जास्त ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी असू शकतात. म्हणून आवडत्या गाइडकडे जागा आहे का, ते पेटचा (विद्यापीठाच्या पीएचडी प्रवेश परीक्षेचा) फॉर्म भरायच्या आधी विचारा. पास होऊन गाइड न मिळालेले लोक दर वर्षी असतात. त्याच नियमांत पदव्युत्तरला ५५ टक्क्यांची अट आहे (राखीव प्रवर्ग, ईडब्ल्यूएस आणि दिव्यांगांना ५ टक्के सूट) आणि पीएचडीचा काळ किमान ३, कमाल ६ वर्षं आहे.

पैशाचं आणि परीक्षेचं आता एकदम बोलू, कारण ते एकच आहे. जेआरएफला (नेट परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन फेलोशिप) जानेवारी २०२३पासून महिना ३७,००० रुपये मिळतात, एसआरएफ (वरिष्ठ फेलो) झाल्यावर ४२,०००, घरभाडं वेगळं. मिळतात म्हणजे वेळेवर मिळतातच असं नाही. सुरुवातीचे तीन-चार महिने घरून भागवायची सोय ठेवा. सीएसआयआर-नेट लाइफ सायन्सेसचा पेपर २०० गुणांचा. पार्ट एमध्ये २०पैकी १५ प्रश्न, बीमध्ये ५०पैकी ३५, दोन्हींत प्रत्येकी २ गुण. सीमध्ये ७५पैकी फक्त २५ सोडवायचे, प्रत्येकी ४ गुण. चुकलं की त्या प्रश्नाचे पाव गुण कापले जातात. मायक्रोवाल्यांची गफलत दोन ठिकाणी होते. पार्ट एचं गणित 'ते काय, येतं' म्हणून सोडून देतात, आणि ३० गुण तिथेच पडलेले असतात. दुसरं म्हणजे तेराही युनिट घोकायला बसतात. पार्ट सी निवडीचा आहे. मूलभूत प्रक्रिया (युनिट ३), पेशीसंवाद (युनिट ४), आनुवंशिकता (८) आणि पद्धती (१३) पक्की करा, वनस्पतींचं शरीरक्रियाशास्त्र खुशाल सोडा. युनिट ४मध्येच इम्युनॉलॉजी आणि परजीवी-यजमान संबंध येतात, आणि मुलाखतीत तेच विचारतात.

जेआरएफ नाही निघाली तर बार्टी, सारथी, महाज्योती आणि टीआरटीआय या राज्याच्या संस्थांच्या फेलोशिप योजना आहेत, पण त्यांचे पैसे पीएचडीची नोंदणी पक्की झाल्यानंतरच्या गोष्टी. इथे कागदपत्रांनी लोक अडतात. जात वैधता प्रमाणपत्र हातात नसेल तर आजच मागे लागा. ओबीसींनी आणखी एक बघावं: केंद्रीय संस्थांना नॉन-क्रीमी लेयरचा दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यात लागतो, तहसीलमधून सवयीने काढलेला राज्याचा चालत नाही. शिवाय राज्याच्या यादीतली प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असतेच असं नाही, तेही तपासा.

नावाचा घोळ तर ठरलेलाच. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, कुठे आईचंही. आधारवर नाव आधी. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात नाव आणि वडिलांचं नाव एकत्र. परदेशी पोर्टलवर मार्कशीटसारखं भरलं की 'पाटील' हेच पहिलं नाव होऊन बसतं आणि टोफेलचं (इंग्रजीच्या परीक्षेचं) गुणपत्रक अर्जाला जुळत नाही. सगळीकडे पासपोर्टप्रमाणे भरा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी राजपत्राची प्रत सोबत ठेवावी.

आता एसओपी. इथे जरा थांबू, कारण बाकी सगळं धावपळीने निभावतं, हे नाही.

आपल्याकडचा नेहमीचा एमएस्सी प्रकल्प म्हणजे कुठल्या तरी वनस्पतीचा अर्क आणि अगार वेल डिफ्यूजन: जंतू पसरलेल्या अगारच्या प्लेटमध्ये छोटी विहीर पाडून त्यात अर्क ओतायचा आणि भोवती जंतू न वाढलेला गोल, म्हणजे झोन, मोजायचा. समजा केळीच्या सालीचा आहे. एसओपीत लिहिलेलं असतं: 'अर्काने स्टॅफिलोकोकस ऑरियसविरुद्ध १८ मिमीचा झोन दिला, म्हणून तो प्रभावी प्रतिजैविक आहे.' या वाक्यातल्या 'म्हणून'वर तुमची निवड अडते. झोन किती मोठा पडेल हे अर्काच्या ताकदीवर ठरतं, तसंच त्यातले घटक अगारमधून किती पसरतात यावरही. अगारचा थर जाड ओतला गेला (तो ४ मिमी हवा) की झोन लहान. जंतूचं मिश्रण ०.५ मॅकफर्लंडपेक्षा, म्हणजे मिलीलिटरमागे सुमारे १५ कोटी पेशींपेक्षा, दाट झालं तरी लहान. आणि अर्क डीएमएसओ या द्रावकात विरघळवला असेल तर नुसत्या डीएमएसओची विहीर त्याच प्लेटवर हवी, कारण जास्त प्रमाणात तोही जंतू दाबतो.

हेच काम असं लिहिता येतं: 'झोनवरून अर्कांची आपसात तुलना करता येत नाही हे लक्षात आल्यावर ९६ खणांच्या प्लेटमध्ये दुप्पट-दुप्पट पातळ करत एमआयसी (जंतूची वाढ रोखणारं सर्वांत कमी प्रमाण) काढली. प्रत्येक खणात मिलीलिटरमागे ५ लाख पेशी ठेवल्या. अर्क तपकिरी असल्याने गढूळपणा डोळ्यांनी कळेना, म्हणून रेझाझुरिन वापरलं. निळा राहिलेला खण म्हणजे वाढ नाही, गुलाबी झालेला म्हणजे जंतू जिवंत. एमआयसी मिलिग्रॅममध्ये आली, प्रतिजैविकांची मायक्रोग्रॅममध्ये येते. म्हणजे हा कच्चा अर्क औषध म्हणून कामाचा नाही. त्यातला एखादा घटक कामाचा आहे का, हा पुढचा प्रश्न.' निकाल पहिल्यापेक्षा वाईट आहे आणि अर्ज कितीतरी चांगला. एमआयसी खरोखर केली नसेल तर केली म्हणू नका, 'करायला हवी होती आणि ती का' एवढं लिहा. तेही पुरतं. जंतू दवाखान्यातून आणला असेल तर एथिक्स कमिटीच्या परवानगीचा उल्लेख हवाच. एटीसीसी या प्रमाणित जंतूंच्या संग्रहातला असेल तर क्रमांक लिहा.

साथरोगशास्त्राकडे जाणाऱ्यांनी आपला भाग कमी लेखू नये. भारतात कोंबड्यांमधला एच५एन१ (बर्ड फ्लू) पहिल्यांदा पक्का झाला तो फेब्रुवारी २००६मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात, आणि पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यात. नवापूरचा अर्जदार असेल तर समिती हे विचारतेच. 'लाखो कोंबड्या मारल्या' एवढ्यावर थांबू नका. कोंबड्यांचे नमुने भोपाळच्या प्राण्यांच्या प्रयोगशाळेत आणि माणसांचे पुण्याला का गेले, कोंबड्यांत साथ असूनही त्या वेळी माणसांत रुग्ण का सापडला नसावा, यावर विचार करून जा.

तसंच सातपुड्याचं. अक्कलकुवा-धडगाव पट्ट्यात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे आणि मलेरियाही. सिकलसेलच्या वाहकाला फाल्सिपेरम मलेरियाच्या गंभीर आजारापासून बरंच संरक्षण असतं, हे पाठ सगळ्यांचं असतं. पुढचा प्रश्न येतो: तुम्ही हे मोजणार कसं? मलेरियाचे रुग्ण आणि तुलनेसाठी दवाखान्यातलेच दुसरे रुग्ण, असं उत्तर दिलंत की फसलात. सिकलसेलचे लोक दवाखान्यात वरचेवर येतात, त्यामुळे तुलनेच्या गटातच सिकलसेल जास्त दिसतो आणि संरक्षण आहे त्याहून मोठं भासतं. तुलनेचे लोक त्याच पाड्यातले, त्याच वयाचे हवेत. पाड्यातली माणसं एकमेकांची नातलग असतात, ते विश्लेषणात धरावं लागतं, हेही सांगा. संमतीपत्र नुसतं मराठीत असून चालत नाही. पावरी किंवा भिली येत असेल तर सीव्हीत ठळक लिहा. भाषेच्या रकान्यात 'मराठी, हिंदी, इंग्रजी' लिहून पावरी गाळणारे अर्ज बघितले की हळहळ वाटते.

शिफारसपत्रांची आपली रीत म्हणजे 'तूच लिहून आण, मी सही करतो.' तिन्ही पत्रं एकाच हाताची निघतात आणि ते लगेच कळतं. सरांना पत्र देऊ नका, टिपणं द्या: कोणता प्रयोग, काय बिघडलं, तुम्ही ते कसं सुधारलं, शेवटची तारीख. एक महिना आधी. ज्यांनी तुम्हाला बेंचवर पाहिलंय अशा अधिव्याख्यात्याचं पत्र प्राचार्यांच्या पत्रापेक्षा वजनदार ठरतं. परदेशी पोर्टलला कॉलेजचा ईमेल लागतो, नसेल तर विभागाचा चालतो का ते विचारा.

अमेरिकेच्या बहुतेक तारखा १ ते १५ डिसेंबरच्या आसपास, मुलाखती जानेवारी ते मार्च, होकार कळवायची तारीख सहसा १५ एप्रिल. जीआरई ही प्रवेशाची सामान्य परीक्षा आता बऱ्याच बायोमेडिकल विभागांनी काढून टाकली आहे, तरी प्रत्येकाचं पान बघा. टोफेल दोन वर्षं चालते. ट्रान्सक्रिप्टचा (सगळ्या गुणांच्या अधिकृत उताऱ्याचा) अर्ज विद्यापीठात सप्टेंबरातच टाका, दिवाळीच्या सुट्टीत कुणी भेटत नाही. सीजीपीए चारच्या मापात स्वतः बदलून लिहू नका, आहे तसा द्या.

गाइडला ईमेल दीडशे-दोनशे शब्दांचा. त्यांच्या एखाद्या पेपरमधल्या एका आकृतीवर एक खरा प्रश्न आणि तुमच्या कामाच्या दोन ओळी. एकच मजकूर वीस जणांना सीसी करून पाठवला तर वीसही जणांना दिसतं. उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण, मग पुढचा माणूस.

मुलाखतीसाठी दिल्ली आणि बंगळुरू दोन्हीकडे भुसावळहून कर्नाटक एक्स्प्रेस जाते, पण पत्र उशिरा येतं आणि वेटिंग लांब असतं. तारखेचा अंदाज आला की तिकीट काढून ठेवा, रद्द करायला फार लागत नाही. सोबत बांधलेला प्रबंध असतोच, पण लॅबची मूळ नोंदवही न्या, खाडाखोडीसकट. झोन कसा मोजला विचारलं तर प्लेटचा फोटो दाखवा, पट्टी ठेवून काढलेला.