गुगल ट्रान्सलेट असताना कागद कशाला?

न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या मराठी मंडळींच्या जेवणावळीत असो वा आमच्या हायस्कूलच्या पालकसभेत, प्रश्न ठरलेला असतो: प्रत्येक मुलाकडे क्रोमबुक लॅपटॉप आहे, भाषांतर क्षणात होते, मग तुम्ही स्पॅनिशचे निबंध वर्गात बसवून कागदावर का लिहून घेता? तुम्ही पुन्हा विचारलेत म्हणून एकदा नीट लिहिते.

मी यंत्रविरोधी नाही. २०२० मध्ये शाळा पडद्यावर गेली, तेव्हा मुलांचे बोलणे फ्लिपग्रिड या चित्रफितींच्या ॲपवर ध्वनिमुद्रित करून घ्या, असा आग्रह सहकाऱ्यांकडे मीच धरला होता. वर्गात तोंड न उघडणारी मुले घरी दार लावून बोलू लागली, म्हणून ध्वनिमुद्रणाचा गृहपाठ मी आजही देते. १९५८ च्या नॅशनल डिफेन्स एज्युकेशन ॲक्ट या कायद्याने दिलेल्या पैशातून अमेरिकन शाळांत भाषा-प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, तेव्हापासून हा विषय कानाला हेडफोन लावूनच वाढला आहे. माझे भांडण फक्त त्या यंत्राशी आहे, जे वाक्य जुळवण्याची खटपट मुलांच्या वाट्याला येऊच देत नाही. २०१६ च्या अखेरीस गुगलने भाषांतराची पद्धत बदलली, त्याआधी नक्कल वाक्याच्या लंगडेपणावरून कळायची. आता ती सफाईवरून कळते.

परंतु ज्या मुलीमुळे माझा निर्णय झाला, तिला भाषा येत नव्हती असे मुळीच नाही. तिच्या घरी मेक्सिकोतल्या पुएब्लाची स्पॅनिश बोलली जाते आणि ती माझ्याहून जलद बोलायची. नोव्हेंबरमध्ये मृतांच्या स्मरणार्थ घरी जी वेदी मांडतात, तिच्यावर तिने दिलेला निबंध पर्यटन खात्याच्या पत्रकासारखा निर्दोष होता. विचारल्यावर तिने काहीही लपवले नाही. मजकूर तिचाच होता, पण तो तिने इंग्रजीत लिहून यंत्राकडून स्पॅनिशमध्ये करून घेतला होता, कारण तिच्या मते घरची स्पॅनिश स्वयंपाकघरापुरतीच होती आणि उच्चार सारखाच असल्याने 'बी'च्या (b) जागी 'व्ही' (v) लिहिला की वर्गात हसू होते. पुढे पालकभेटीला तिची आई कामाची पाळी संपवून आली. तिला शाळेने पाठवलेले बोलावणेही अशाच यंत्राने स्पॅनिशमध्ये केलेले होते, हे इथे सांगितलेच पाहिजे. तिने तो निबंध हातात घेतला, शेवटपर्यंत वाचला आणि अतिशय अभिमानाने म्हणाली, "बघा, आमच्यासारखे नाही, किती छान लिहिते ही." मुलगी टेबलाकडे पाहत होती. मी आईला काहीच सांगितले नाही. सांगायला हवे होते, असे एका सहकाऱ्याचे म्हणणे आहे. सांगून त्या बाईंना काय मिळाले असते, हे मात्र त्यालाही सांगता आलेले नाही.

त्या भेटीनंतर कागद आला. आता त्याचा खर्चही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल की बाई सोयीचे तेवढेच बोलतात. कागदावर त्या मुलीची भाषा तिच्या घरची झाली, आणि तिची ग्रेड घसरली. उच्चारात नसलेला 'एच' ती गाळते, स्वराघाताची चिन्हे विसरते, आणि ठरलेल्या निकषांप्रमाणे त्याचे गुण जातात. मी पहिल्या मसुद्यात शुद्धलेखनाचे गुण कापणे थांबवले, तर ज्यांच्या घरी स्पॅनिश नाही अशा मुलांच्या पालकांनी विचारले की ही सवलत स्पॅनिश बोलणाऱ्या घरच्या मुलांनाच का. सवलत सर्वांना आहे, हे मी सांगते. तिचा लाभ सर्वांना सारखा होत नाही, हे त्यांना आणि मलाही ठाऊक आहे. एपी या कॉलेजच्या पातळीच्या परीक्षेतल्या संभाषणात प्रत्येक उत्तराला २० सेकंद मिळतात, तिथे यंत्र सोबत नसते, असा बचाव मी पूर्वी करीत असे. तो मी आता करीत नाही, कारण या मुलीला त्या २० सेकंदांची कधीच अडचण नव्हती.

तूर्त पहिला मसुदा कागदावर, दुसरा क्रोमबुकवर, आणि दोन्ही एकत्र जोडून द्यायचे, असा नियम आहे. दुसऱ्या मसुद्यात यंत्राला कुठवर येऊ द्यायचे, यावर आमच्या विभागात एकमत नाही. माझे स्वतःचे मतही दोन सत्रे टिकलेले नाही.