पहिल्या प्रकरणाच्या सात वह्या

मुद्रितशोधन म्हणजे दिवसभर वाचायचा धंदा, असं बाहेरच्यांना वाटतं. खरं तर पहिलं प्रूफ तपासताना मी वाचतच नाही. ओळीखाली फूटपट्टी धरायची आणि शब्द चेहऱ्याने ओळखायचे. ‘आणि’चा णि ऱ्हस्व, ‘पाणी’चा णी दीर्घ, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसलाय का. अर्थात शिरलो की चुका सुटतात. नायिका मेली तरी मला पत्ता नसतो. तिच्या नावातली वेलांटी कुठली, ते मात्र सांगेन. सव्वीस वर्षं हेच चाललंय, गिरगावात एका डीटीपीवाल्याच्या पोटमाळ्यावर, डोंबिवलीहून ये-जा करून.

गेल्या जुलैतला मंगळवार. बाहेर धो धो पाऊस आणि माझ्यासमोर एका निवृत्त साहेबांचं ३४० पानी आत्मचरित्र. फाइल जुन्या फाँटात होती. आमच्या ऑपरेटरने ती युनिकोडात आणायचं बटण दाबलं आणि तो चहाला गेला. या बदलात हमखास मरतो तो ‘ऱ्या’. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ झालं तर डोळ्याला लगेच खुपतं, पण ‘दऱ्या’चं ‘दर्या’ झालं तर शब्द बरोबरच दिसतो, फक्त डोंगराच्या जागी समुद्र येतो. साहेबांनी मुलीच्या लग्नात आचाऱ्यांना आगाऊ पैसे दिले होते. आमच्या फाइलीत ते आचार्यांना मिळाले. एकूण अकरा आचारी आचार्य झाले होते. हे यंत्राला कळत नाही, आणि आमच्या ऑपरेटरला कळून घ्यायचं नाही.

तेवढ्यात जिन्यावरून एक बाई वर आल्या. पंचावन्नच्या आसपास, हातात ओली छत्री, खांद्याला डबे नेतात तसली जाड पिशवी. खालून मालकांनी पाठवलं होतं. लालबागला त्यांचं पोळीभाजी केंद्र.

“सर, एवढं प्रूफ करून द्या. मग छापायचंय.”

पिशवीतून सात वह्या निघाल्या, दोनशे पानी, प्रत्येकीला खाकी कव्हर आणि वर नंबर. पहिली उघडली. ‘प्रकरण १’, अकरा पानं, पुढे कोरी. दुसरी उघडली. पुन्हा ‘प्रकरण १’. तिसरीतही तेच. सातवीपर्यंत तेच.

“ताई, बाकीची प्रकरणं?”

“पहिलं शुद्ध झालं की दुसरं घेणार.”

त्यांच्या इमारतीत मराठीच्या निवृत्त शिक्षिका राहतात. ताई लिहितात, त्यांना दाखवतात, त्या लाल पेनाने खुणा करून देतात. मग ताई नव्या वहीत सगळं स्वच्छ उतरवतात, पुन्हा दाखवतात, पुन्हा लाल. अशी चार वर्षं गेली. दिवसाला साडेतीनशे पोळ्या लाटून झाल्यावर, रात्री.

सवयीने मी त्या लाल खुणा तपासल्या. आणि इथेच मला टोचलं, कारण बहुतेक सगळ्या बरोबर होत्या. मी असतो तर मीही त्याच केल्या असत्या. पण पहिल्या वहीत होतं, ‘आई म्हनली, जा गं पानी आन.’ सातव्या वहीत त्याचं झालं होतं, ‘आईने मला पाणी आणण्यास सांगितले.’ आई पाटणहून आलेली, खाणावळ चालवणारी, आणि बोलते परिपत्रकासारखी. साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम १९६२ चे, चौदा. १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. त्याच नियमांत पात्राच्या तोंडच्या बोलण्याला मोकळीक आहे. शिक्षिकाबाई ते विसरल्या असाव्यात. आम्ही नियमवाले सोयीस्करपणे तेवढाच नियम विसरतो.

मधल्या काळात छापून देणारा एक जणही भेटला होता. पन्नास हजार भरा, वर पाचशे प्रती तुम्हीच घ्या, आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख-क्रमांकाचे, पैसे वेगळे. आपल्याकडे आयएसबीएन सरकारी एजन्सीकडून फुकट मिळतो, हे ऐकून ताई माझ्याकडे तेलाचा भाव कळलेल्या गिऱ्हाइकासारख्या बघायला लागल्या. अकरा पानांचं पुस्तक छापायला निघालेल्या माणसाला ‘आधी लिहून तर पूर्ण करा’ असं त्या पन्नास हजारवाल्याने सांगितलं नाही, यात नवल नाही. आमच्या मालकांनीही सांगितलं नसतं.

मी वह्या परत देणार, एवढ्यात त्या म्हणाल्या, “आणि ह्याचं एक पान फोटो म्हणून टाकता येईल का? आईच्या खाणावळीची आठवण.”

उभी, लांबट, लाल कापडी बांधणीची चोपडी. कडा उंदराने कुरतडलेल्या, पानांना तेलाचे डाग, काही ठिकाणी पान डागाने आरपार दिसणारं. रकाने हाताने आखलेले: नाव, पाळी, खाडे, दिले, बाकी. नाव म्हणजे कुणाचंच खरं नाव नाही. चष्मेवाला. दोघे भाऊ. उंच पांडू. त्रासनवाला, म्हणजे गिरणीच्या सूतकताई खात्यातला. भाकरीवाला, कारण त्याला पोळी चालत नसे. ज्या दिवशी जेवायला येणार नाही तो खाडा. महिनाअखेर तेवढे पैसे वजा.

“अक्षर कोणाचं?”

“माझंच. आईला लिहिता येत नव्हतं. ती लाटता लाटता सांगायची, मी लिहायचे. बारा वर्षांची होते.”

मी १९८२ चं पान काढलं. गिरण्यांचा संप १८ जानेवारीला सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही, हे मला माहीत होतं. प्रूफं तपासली आहेत त्यावरच्या पुस्तकांची. पण चोपडीत संप असा शब्द कुठेच नव्हता. जानेवारीच्या उत्तरार्धापासून पाळीच्या रकान्यात फक्त आडव्या रेघा होत्या. पहिली, दुसरी, रात, सगळं बंद. मार्चनंतर ‘दिले’चा रकाना ओस. आणि खाडे वाढायला लागले. भाकरीवाल्याचे चार, मग नऊ.

त्या नऊपैकी सहा खाडे खोडलेले होते. समोर बारीक अक्षरात, ‘खाडा म्हनला. आई म्हनली जेवला लिव.’

मला दोनदा वाचायला लागलं. मग ताईंनी सांगितलं. बाकी वाढू नये म्हणून माणसं ‘आज खाडा’ म्हणायची आणि दाराशी घुटमळत राहायची. आई त्यांना बसवायची. मुलीने सवयीने खाडा लिहून ठेवलेला, आई तो खोडायला लावायची. वर त्याचे पैसे मात्र बाकीत धरायची नाही. म्हणजे पान हिशोबात चुकलेलं आहे, बेरीज जुळतच नाही, आणि बारा वर्षांच्या मुलीने खाली लिहून ठेवलंय, ‘बेरीज बरोबर हाय.’

त्याच पानांवर महिन्याकाठी ‘बँक हप्ता’ अशी एक ओळ येत होती. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि सावकाराच्या दारात उभ्या राहणाऱ्या खाणावळवाल्यांना बँकेचं कर्ज मिळायला लागलं. ताईंची आई त्यांतलीच. संपातही हप्त्याची ओळ दोनच महिने चुकलेली. बाकीचे हप्ते कसे भरले असतील, हे मी विचारलं तेव्हा ताई म्हणाल्या, “डोरलं.” एवढंच. सातही वह्यांत डोरलं कुठेही नाही.

“हे सगळं वहीत का नाही?”

“हे? हा हिशोब आहे सर. पुस्तकात असलं कसं लिहायचं? पुस्तक जन्मापासून सुरू होतं.”

आमच्याकडे येणारी सगळी पहिली पुस्तकं जन्मापासूनच सुरू होतात, आणि बहुतेक जन्मातच अडकतात. जन्म आपल्याला आठवतही नसतो, दुसऱ्याने सांगितलेला असतो; म्हणून तो नटवावा लागतो. युरोपच्या पंधरा दिवसांवर लोक दोनशे पानं लिहितात आणि तीस वर्षांच्या नोकरीवर अर्धं पान. मी ताईंना म्हटलं, भाकरीवाल्यापासून सुरू करा. एका नावाला एक पान. जन्म शेवटी बघू, नाहीतर नकोच. आणि पुस्तक पुरं होईपर्यंत कुणाला दाखवू नका. मलासुद्धा.

मग किती लिहायचं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी त्यांना फर्मा समजावून दिला. सोळा पानांचा एक फर्मा. डेमी आकारात पानाला साधारण तीनशे शब्द. आठ फर्म्यांचं पुस्तक म्हणजे १२८ पानं, हातात धरायला बरं. मी कॅल्क्युलेटर काढेपर्यंत त्या म्हणाल्या, “रोज एक पान म्हटलं तर सव्वाचार महिने. मधे खाडे धरून सहा.” किलोला किती पोळ्या निघतात, याचा हिशोब आयुष्यभर केलेला माणूस.

“पण सर, नावं? ह्यांची पोरं-नातवंडं आहेत. बाकी राहिली होती म्हणून लिहिलं तर वाईट दिसेल.”

मी सांगितलं, आता जसं आहे तसंच लिहा, छापताना बदलू. आत्ताच बदललंत तर भाकरीवाला हातातून जाईल, दुसराच कुणी माणूस येऊन बसेल. हे बरोबर सांगितलं की नाही, याची मला अजून खात्री नाही. उद्या कुणाचा नातू ओळखेल. टोपणनावानेसुद्धा चाळीत माणूस ओळखू येतो, किंबहुना टोपणनावानेच.

त्या चोपडी घेऊन गेल्या. वह्या टेबलावरच राहिल्या. हाक मारली तर जिन्यातून म्हणाल्या, “राहू द्या, रद्दीत घाला.” खाली मालकांनी मला ऐकवलंच: बाई सगळं काम द्यायला आली होती आणि तू तिला घरी पाठवलंस. दिवसभरात अकरा आचाऱ्यांपैकी सातच परत आचारी झाले होते, तेही त्यांनी काढलं. पैशाच्या बाजूने त्यांचं चुकलं नव्हतं. शिक्षिकाबाईंचंही मन मोडलं असणार. चार वर्षं फुकट तपासून देणारा माणूस मुंबईत कुठे मिळतो? आणि मी कोण लागून गेलो तो? मी पुस्तकं तपासतो, लिहीत नाही.

रद्दीत घातल्या नाहीत. रोज दोन अशा वह्या पिशवीत घालून लोकलमध्ये लावून बघतो, जुन्या प्रतींचे पाठभेद लावतात तसे. वाक्य वाक्य बदलत गेलंय, गुळगुळीत होत गेलंय. एकच वाक्य सातही वह्यांत जसंच्या तसं आहे, लाल पेनाला त्यात काही सापडलं नाही: ‘आई जेवायला बसली की भोंगा वाजायचा.’

तीन आठवडे काहीच कळलं नाही. मीच त्यांचं उरलंसुरलं लिहिणं बंद पाडलं, अशी माझी समजूत व्हायला लागली होती. काल दुपारी, पोळ्यांची गर्दी ओसरायच्या वेळेला, त्यांचा फोन आला. मागे कुकरच्या शिट्ट्या.

“सर, दाखवत नाहीये, फक्त विचारतेय. ‘खाडा’ लिहिलं तर पुढे कंसात अर्थ द्यायचा का?”

“नको.”

“हां. मग ‘त्रासन’ला पण नको ना? ते तिसऱ्या माणसाला येतंय.”