आक्कांना एकही गोळी नाही

मी मिरजेत फिजिओथेरपी करते आणि अधूनमधून आजूबाजूच्या गावांत ज्येष्ठ नागरिकांच्या कॅम्पला जावं लागतं. अशा कॅम्पात गर्दी कुठे असते ते ठरलेलं आहे, शुगर-बीपीच्या टेबलापाशी, आणि त्याहून जास्त डोळ्यांच्या टेबलापाशी कारण चष्मा फुकट मिळेल अशी आशा असते. आमच्याकडे बिनहातांची एक खुर्ची, जमिनीवर तीन मीटर मोजून चिकटवलेल्या दोन पट्ट्या, मोबाईलचं स्टॉपवॉच आणि मुठीची ताकद मोजायचं मशीन एवढाच संसार, त्यामुळे लोक लांबूनच बघतात, एखादा म्हातारा 'हितं काय सर्कस हाय काय' म्हणतो आणि पुढे जातो.

तासगावच्या कॅम्पला मात्र एक अख्खं कुटुंबच आमच्या टेबलावर येऊन थडकलं. मुलगा, सून, आबा आणि मागे पिशवी धरून आबांची बायको, आक्का. आबा 76 चे. फाईल लग्नाच्या अल्बमएवढी जाड. बायपास झालेली, शुगर, बीपी, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले, प्रोस्टेटचं ऑपरेशन, कानात मशीन. मुलगा येऊन बसला तोच म्हणाला, "मॅडम, तुम्ही जरा सांगा ह्यांना, बागेत जायचं बंद करा म्हणून. घरातल्या कुणाचं ऐकत नाहीत. पहाटे उठून द्राक्षात जातात, तिथनं बेदाण्याच्या शेडवर, परवा तर शिडीवर चढले होते."

"शिडी न्हवं ती," आबा म्हणाले, "स्टूल हुतं."

थोडक्यात माझ्याकडून त्यांना आजारी असल्याचं सर्टिफिकेट हवं होतं. मी म्हटलं आधी टेस्ट करू. डॉक्टरांनी बीपी, छाती बघून हो म्हटल्यावर आबांना खुर्चीत बसवलं, हात छातीवर क्रॉस, 30 सेकंदांत जेवढ्या वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येईल तेवढं करायचं. त्यांच्या वयाच्या पुरुषाला 11 च्या खाली आलं तर आम्ही काळजी करतो. आबांनी 13 केले आणि वर विचारलं, "अजून करू?" मग खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, ते 9 सेकंदांत. मशीनवर मूठ आवळली तर 31 किलो. मुलाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मी सांगितलं की स्टुलावर चढणं बंद, पण बागेत जाणं हेच त्यांचं औषध समजा, गोळ्या चालू आहेत, शुगर ताब्यात आहे, तुम्ही त्यांना घरात बसवलंत तर वर्षभरात हे आकडे खाली आलेले बघाल. आबांनी मुलाकडे असं बघितलं की कोर्टात केस जिंकलीय.

आता हे सगळं चालू असताना माझं लक्ष आक्कांकडे होतं. म्हणजे मुद्दाम नाही, सवय आहे ती, माणूस कसा उठतो-बसतो ते डोळे आपोआप बघतात. त्या प्लास्टिकच्या खुर्चीतून उठताना सुनेच्या खांद्याला धरून उठल्या आणि उठल्यावर लगेच चालायला लागल्या नाहीत, दोनतीन सेकंद तशाच थांबल्या. मी म्हटलं आक्का, तुम्ही पण बसा की.

"मला कशाला? मला काय झालंय? आजवर एक गोळी न्हाई मला."

सून पण लगेच म्हणाली, "आक्का एकदम ठणठणीत आहेत मॅडम, दिवाळीत सगळ्यांचं फुल बॉडी चेकअप केलं, ह्यांचं एकट्यांचं सगळं नॉर्मल," आणि तिने मोबाईलवर पीडीएफ उघडून दाखवली, खरंच एकही आकडा ठळक केलेला नव्हता. आक्का 72 च्या. आबांनीच आग्रह केला, मी केलं तर तू बी कर म्हणून, मग पदर खोचून बसल्या.

हात छातीवर घेतले आणि उठताच येईना. पुढे झुकल्या, जोर लावला, परत मागे. सून म्हणाली लाजतायत त्या. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा हात आपोआप मांडीवर गेले, रेटा दिला आणि उठल्या. ह्या टेस्टचा नियम असा की हात वापरला की टेस्ट थांबवायची आणि आकडा शून्य लिहायचा. मी शून्य लिहिलं. जिला एक गोळी नाही त्या बाईच्या नावापुढे शून्य आणि अल्बमवाल्या आबांच्या नावापुढे 13, कागद एकच. तीन मीटर जाऊन यायला 17 सेकंद (12 च्या वर गेलं की पडण्याचा धोका धरतात). मूठ 13 किलो, बायकांना 18 तरी लागते. मग आडवं झोपवून बीपी घेतलं, 128/78, कुठल्याही कॅम्पात 'नॉर्मल' म्हणून पुढे पाठवतील असं. उभं करून परत घेतलं तर 104/68. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा 20 किंवा जास्त पडला तर ते नॉर्मल नाही, पण बीपी बसवूनच बघायची पद्धत आहे आपल्याकडे, उभं करून बघायला वेळ कुणाला आहे.

एक टेस्ट घरी पण करता येते म्हणून सांगते, जपानमधे चालते ती. दोन्ही हातांचे अंगठे आणि पहिली बोटं जोडून गोल करायचा आणि पोटरीच्या सगळ्यात जाड भागाभोवती धरायचा. गोल पुरला नाही तर चांगलं. आक्कांच्या पोटरीभोवती गोल करून वर बोट जाईल एवढी फट राहिली. वजन मात्र कित्येक वर्षं तेवढंच आहे असं सून सांगत होती, आणि तेच फसवतं, स्नायू कमी होतात, चरबी वाढते, काटा हलत नाही.

मग गप्पा मारत बसलो तेव्हा एकेक बाहेर यायला लागलं. जेवायला खाली मांडी घालून बसता का? न्हाई, सोडलंय. कधीपासून? पडले तवापासून.

मुलगा ताडकन म्हणाला, "कधी पडलीस तू?"

एकदा मोरीत आणि एकदा गच्चीच्या जिन्यात. दोन्ही वेळा मार मुका होता म्हणून बोलल्या नाहीत. का नाही बोललात विचारलं तर म्हणाल्या, "ह्यांचं दवाखान्याचं चाललं हुतं की तवा." तेव्हापासून गच्चीवर जाणं बंद, खालच्या फळीवरचा डबा नातीकडून काढून घ्यायचा, बाजाराला जायचं नाही, आणि घरातल्यांना वाटायचं आक्कांना आताशा कशाची हौसच राहिली नाही. रात्री लघवीला उठायला लागतं, अंधारात भीती वाटते, म्हणून दुपारी चारनंतर पाणीच बंद. चतुर्थी, गुरुवार, एकादशी सगळे उपास, त्यात साबुदाणा नाहीतर नुसता चहा. एरवी भाकरी आणि आमटीतलं वरचं पाणी, घट्ट डाळ आबांना, दूध आबांना, कारण आजारी ते आहेत ना.

आमच्याबरोबरच्या डॉक्टरांनी ती पीडीएफ परत बघितली आणि किडनीसाठी बघतात त्या क्रिएटिनिनवर बोट ठेवलं, 0.6, छान. तर क्रिएटिनिन बनतं स्नायूंतून, ज्याच्या अंगावर स्नायूच नाही त्याचं ते कमीच येणार, किडनी थोडी दमलेली असली तरी आकडा चांगला दिसू शकतो, म्हणून त्यांनी किडनीचीच सिस्टॅटिन-सी नावाची वेगळी तपासणी लिहून दिली आणि सोबत व्हिटॅमिन बी-12, डी. मला हे नेहमी गमतीशीर वाटतं, अशक्तपणामुळेच रिपोर्ट सुंदर.

जागतिक आरोग्य संघटनेची 1948 ची व्याख्या आम्हाला कॉलेजात पाठ करायला लावली होती, आरोग्य म्हणजे शरीर, मन आणि समाज तिन्ही बाजूंनी संपूर्ण स्वास्थ्य, नुसता रोगाचा अभाव नव्हे. त्यातल्या 'संपूर्ण' ह्या एका शब्दाने त्या हॉलमधला प्रत्येक माणूस आजारी ठरला असता, चहा वाटणारी पोरं धरून. त्याच संघटनेने 2015 च्या म्हातारपणावरच्या अहवालात मात्र गाडी बरीच जमिनीवर आणली, माणसाला जे महत्त्वाचं वाटतं ते त्याला करता येतंय का हे बघा म्हणे. माझं मत विचाराल तर त्या दिवशी आमच्या टेबलावर बसलेल्या दोघांत धडधाकट आबाच होते. सहा निदानं असलेला धडधाकट माणूस. आणि आक्कांच्या आजाराला घरात नावच नव्हतं, त्यामुळे फाईल नव्हती, त्यामुळे घट्ट डाळ पण नव्हती.

मुलगा बिचारा घाबरला होता, सारखं एकच विचारत होता, "मग मॅडम, आता गोळी कुठली द्यायची?" त्याला समजावणं सगळ्यात अवघड गेलं. बी-12, डी कमी निघालं तर त्याचं डॉक्टर बघतील, पण मुख्य काम म्हणजे दिवसभर थोडं थोडं पाणी, दोन्ही वेळेला घट्ट डाळ, अंडं त्या खात नाहीत तर दही-शेंगदाणे, मोरीत धरायला दांडा, रात्रीचा छोटा दिवा, उठल्यावर आधी कडेला बसून मग उभं राहायचं, आणि रोज खुर्चीतून उठबस. सुरुवातीला खुर्चीवर दोन उशा ठेवून, बैठक उंच केली की उठणं सोपं जातं, जमायला लागलं की एक उशी काढायची. उपास सोडा म्हटल्यावर आक्कांनी असं बघितलं की तो विषय मीच सोडला, उपासाला साबुदाण्याऐवजी राजगिरा आणि दूध एवढ्यावर तह झाला.

उठबस मोजायचं काम आबांकडे दिलं. मला वाटलं आठवडाभर करतील. नंतर एकदा बागेतनंच फोन आला, मागे ट्रॅक्टरचा आवाज, "मॅडम, एक उशी काढली. सा हुत्यात. पर मधनंच हात लावती ती, आन् म्हनती धरा की ते बी."

मी म्हटलं धरू नका.

"मी न्हाईच धरत," आबा म्हणाले, "म्हनूनच भांडान चाललंय."