मुबारकियाच्या बाजारातली लाल दहाची नोट

आम्ही नाशिकरोडचे. आमच्याकडे ‘प्रेस’ म्हटलं की वर्तमानपत्र नाही, नोटांची छपाई. १९२८ पासून तिथे नोटा छापल्या जातात आणि माझे आजोबा तिथेच नोकरीला होते. ते अधूनमधून ‘झेडच्या नोटा’ असं काहीतरी म्हणायचे. त्या म्हणे आपल्याकडे चालत नसत, बोटीने बाहेर जात. आम्ही पोरांनी कधी पुढे विचारलं नाही. याची रुखरुख मला फेब्रुवारीत कुवेतमध्ये लागली.

मावसबहीण साल्मियात राहते. एका संध्याकाळी ताई मला मुबारकियाच्या जुन्या बाजारात घेऊन गेली. खजूर, अत्तरं, मसाले, भाजलेल्या कबाबांचा धूर, आणि त्या गल्ल्यांतच जुनी नाणी-तिकिटं विकणारं एक लहानसं दुकान. दुकानदार पंचाहत्तरीचे. मुंबईचं नाव काढताच हिंदीत बोलायला लागले, इस्तिकानात, म्हणजे तिथल्या इवल्याशा काचेच्या पेल्यात, चहा दिला आणि काचेखालून एक नोट काढून माझ्यापुढे ठेवली.

दहा रुपये. अशोकस्तंभाचे सिंह, देवनागरी अक्षरं, मागे शिडाचं गलबत, सगळं आपलंच. फक्त रंग लाल, आणि क्रमांकाच्या आधी झेड. मी कितीतरी वेळ त्या झेडवरच बोट ठेवून होतो.

कुवेत १९ जून १९६१ ला स्वतंत्र झालं. त्याच्या थोडं आधीपर्यंत इथला बाजार रुपयांवर चालत आला होता. मोती मुंबईत विकले जायचे, खजूर भरून गलबतं आपल्या किनाऱ्याला यायची आणि परतताना मलबारचं सागवान न्यायची. तेल निघाल्यावरही मजुरी रुपयांतच मिळायची. मग वेगळ्या नोटा कशासाठी? सोन्यासाठी. भारतात सोन्याच्या आयातीवर बंदी होती आणि भाव चढे होते. दहा तोळ्यांची बिस्किटं आखातातून चोरून आपल्या किनाऱ्यावर उतरायची, मोबदल्यात रुपयांच्या नोटा तिकडे जायच्या. तिथल्या बँका त्याच नोटा रिझर्व्ह बँकेकडे पाठवून पौंड घ्यायच्या. म्हणजे चोरट्या सोन्याची किंमत शेवटी भारताच्या परकीय गंगाजळीतून चुकती होत होती. यावर १९५९ मध्ये कायदा बदलून आखातापुरत्या खास नोटा काढल्या गेल्या: एक, पाच, दहा आणि शंभर. पाचाची नारिंगी, शंभराची हिरवी. एकाची सोडून बाकीच्यांवर सही रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर एच. व्ही. आर. अय्यंगार यांची. त्या काळी भारतात नोटा छापणारा कारखाना एकच होता, त्यामुळे या नोटा कुठून आल्या हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

कुवेतने त्या फार दिवस वापरल्या नाहीत. १ एप्रिल १९६१ ला त्यांचा दिनार आला, एका पौंडाच्या बरोबरीचा. दर ठरला एका दिनारला १३⅓ रुपये. स्वातंत्र्याला अजून ७९ दिवस होते. म्हणजे या देशाच्या खिशात स्वतःचा पैसा आधी आला, स्वातंत्र्य नंतर. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. पुढे ६ जून १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन झालं, डॉलरचा दर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर गेला, तेव्हा आखातात जिथे जिथे अजून रुपया होता तिथे पळापळ झाली. कुवेत पाच वर्षं आधीच सुटलं होतं.

“वडिलांनी पिशवीभर नोटा बँकेत नेल्या होत्या, मी अकरा वर्षांचा,” दुकानदार म्हणाले. “आल्यावर आई म्हणाली, एवढेच?” तेरा रुपये दिले की हातात एक दिनारसुद्धा पुरा येत नव्हता, तिला ते पटेना. पैशाला इथे बोलीत अजून ‘बेझात’ म्हणतात, ताई रोज ऐकते. तो आपला ‘पैसा’च. ओमानमध्ये तर तो ‘बैसा’ म्हणून आजही नाण्यावर आहे.

लाल नोटेची किंमत माझ्या आवाक्यातली नव्हती. त्यांनी ती जपून परत ठेवली आणि तिकिटांची वही उघडली. कुवेतचं तिकीट, शेख अब्दुल्ला अल-सालेम यांचं चित्र, आणि किंमत १५ एन.पी. म्हणजे नये पैसे! कुवेतच्या अमीरांच्या चित्राशेजारी आपले नये पैसे. ते मी घेतलं. पाव दिनार झाला.

मी नोट पुढे केली तेव्हा त्यांनी डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत हिशेब केला आणि म्हणाले, “तीन रुपये, पाच आणे, चार पै.”