घ रानातले गायब पट्टे

पडद्यावर चार रंगांचे ठिपके होते. एक ठिपका म्हणजे नरक्याचं एक झाड, आणि जवळचे ठिपके म्हणजे डीएनएने सारखी झाडं. क, ख, ग या तीन रानांतल्या झाडांचे ठिपके एकमेकांत मिसळलेले आणि घ रानातल्या झाडांचे चोवीसच्या चोवीस ठिपके उजव्या कोपऱ्यात वेगळे. खुलासाही तयारच होता: घ रान खोल दरीच्या पलीकडे आहे, मधली झाडी तुटलेली आहे, तिथला नरक्या बाकीच्यांपासून तुटून वेगळा झाला असणार. आराखडा पाहून खोलीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

रानांची खरी नावं मुद्दाम देत नाही. नरक्याच्या लाकडातलं कॅम्प्टोथेसिन कर्करोगावरच्या औषधांचा कच्चा माल आहे. १९६६ मध्ये वॉल आणि वाणी यांनी ते एका चिनी झाडातून वेगळं केलं, १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना ते आपल्या नरक्यात सापडलं, आणि पुढे टोपोटेकॅन, इरिनोटेकॅन ही औषधं बाजारात आल्यावर सह्याद्रीत या झाडावर कुऱ्हाड पडली. घ रानात तर फळं धरणारी झाडं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. तिथे पुन्हा लागवड करायची तर बी कुठून आणायचं, एवढाच आमच्यापुढचा प्रश्न होता. घ मधला नरक्या खरोखर वेगळा असेल तर बाहेरचं बी तिथे नेणं चूक. नसेल, तर त्या चार-सहा झाडांच्या बियांवर अडून बसणं ही त्याहून मोठी चूक. म्हणून त्या ठिपक्यांवर विश्वास ठेवण्याआधी ते कुठून आले हे पाहायला हवं होतं.

नमुने घेण्याची पद्धत साधी होती. दर रानातून २४ झाडं, दोन झाडांत शक्यतो ५० मीटर अंतर. तोडलेल्या नरक्याला बुंध्यातून फुटवे येतात आणि दहा वर्षांनी ते चार स्वतंत्र झाडांसारखे दिसतात, म्हणून बुडाशी माती उकरून पाहायची आणि एका बुंध्यातून एकच नमुना घ्यायचा. पान कोवळं हवं. जून पानात फिनॉल आणि चिकट शर्करा जास्त असतात आणि त्या शेवटपर्यंत डीएनएचा पिच्छा सोडत नाहीत. पानाचे तुकडे कागदी पाकिटात घालायचे आणि पाकीट सिलिका जेलच्या पिशवीत ठेवायचं. सिलिका पानाच्या वजनाच्या दहापट हवी, आणि निळे खडे गुलाबी पडले की त्याच दिवशी बदलायची. पान २४ तासांत कुरकुरीत वाळलं पाहिजे. सावकाश वाळलेलं पान तपकिरी होतं, आणि तोवर त्यातल्या विकरांनी डीएनएचे तुकडे केलेले असतात.

डीएनए सीटॅब पद्धतीने काढला; सीटॅब म्हणजे पेशी फोडणारं साबणासारखं रसायन. बफरमध्ये २ टक्के सीटॅब, १.४ मोलर मीठ, २० मिलिमोलर ईडीटीए, १०० मिलिमोलर ट्रिस (पीएच ८), २ टक्के पीव्हीपी. बीटा-मरकॅप्टोइथेनॉल मात्र वापरायच्या आधी, फ्युम हूडखाली घालायचं. आठवडाभर आधी मिसळून ठेवलं तर त्याचा जोर जातो आणि अर्क चहासारखा लाल होतो. १०० मिलिग्रॅम वाळलेलं पान द्रव नायट्रोजनमध्ये खलून पीठ करायचं, ६५ अंशांवर पाऊण तास ठेवायचं, क्लोरोफॉर्म आणि आयसोअमाइल अल्कोहोलच्या २४:१ मिश्रणाने दोनदा धुवायचं, वरचा थर घेऊन थंड आयसोप्रोपेनॉलने डीएनए खाली बसवायचा. नीट निघालेला डीएनए पांढऱ्या दोऱ्यासारखा दिसतो. पारदर्शक, जेलीसारखा गोळा आला तर त्यात डीएनएपेक्षा शर्कराच जास्त, असं समजावं.

झाडांची तुलना करायला वापरलेले मार्कर, म्हणजे डीएनएवरच्या ओळखखुणा, आयएसएसआर प्रकारचे होते. जीनोममध्ये, म्हणजे झाडाच्या सगळ्या डीएनएमध्ये, ‘जीए’ किंवा ‘एजी’ अशा अक्षरांच्या जोड्या सलग येणाऱ्या जागा विखुरलेल्या असतात. अशा दोन जागा जवळ आणि उलटसुलट दिशेने असल्या की एकाच प्रायमरने, म्हणजे त्या जागी चिकटणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्याने, त्यांच्यामधला तुकडा वाढवता येतो, म्हणजे त्याच्या असंख्य प्रती काढता येतात. त्या झाडाचा जीनोम आधी वाचलेला असायची गरज नाही, खर्च कमी, म्हणून रानझाडांसाठी हे मार्कर खूप वापरले जातात. आम्ही आठ प्रायमर घेतले. २५ मायक्रोलिटरची अभिक्रिया, त्यात २५ नॅनोग्रॅम डीएनए, ९४ अंशांवर सुरुवात, मग ३५ आवर्तनं, जोडणीचं तापमान प्रायमरनुसार ५० ते ५४. तयार झालेले तुकडे दोन टक्के अगारोजच्या जेलवर ८० व्होल्टने तीन तास चालवले; तिथे लांब तुकडे वर राहतात, आखूड खाली जातात आणि प्रत्येक लांबीचा एक पट्टा दिसतो. मग फोटो काढून प्रत्येक जागी पट्टा असेल तर १, नसेल तर ०.

खरी मेख या शून्यात आहे. १ लिहिताना डोळ्यांसमोर पुरावा असतो. ० मात्र दोन कारणांनी येतो: झाडात तो तुकडाच नाही, किंवा तुकडा आहे पण अभिक्रिया तिथवर पोचली नाही. तक्त्यात दोन्ही शून्यं सारखीच दिसतात आणि संगणक दोन्हींना सारखंच खरं मानतो.

त्या दिवशी दुपारी आम्ही ठिपके बाजूला ठेवून मूळ तक्ता छापला आणि घ ला वेगळं पाडणारे पट्टे पेनाने खुणावले. एकूण ६१ पट्ट्यांपैकी नऊ निघाले. नऊच्या नऊ जागी घ मध्ये शून्य होतं. फक्त घ मध्येच आढळणारा पट्टा एकही नव्हता. हे पाहिल्यावर खोलीतली कुजबुज थांबली. दोन रानं खरोखर दीर्घकाळ तुटलेली असतील तर काही पट्टे इकडचे हरवतात आणि काही तिकडचे. वेगळेपण दोन्ही बाजूंनी दिसतं. इथे ते एकाच बाजूने होतं. शिवाय ते नऊही पट्टे ९०० बेसच्या (डीएनएच्या अक्षरांच्या) वरचे, म्हणजे जेलच्या वरच्या भागातले लांब तुकडे. अभिक्रिया अडखळली की आधी लांब तुकडेच मरतात. जंगलाच्या इतिहासाला पट्ट्याच्या लांबीशी काही देणंघेणं नसतं.

मग नोंदवही उघडली. घ चे सगळे नमुने परतीच्या पावसात गोळा केलेले, दोनदा सिलिका गुलाबी पडल्याची नोंद, पानं ‘किंचित तपकिरी’. चोवीसही नमुन्यांचा डीएनए सलग दोन दिवसांत, एकाच बफरच्या बाटलीतून काढलेला. डीएनएची शुद्धता वेगवेगळ्या तरंगलांबींच्या प्रकाशाच्या शोषणावरून पाहतात; त्यातलं २६०/२८० गुणोत्तर १.८ च्या आसपास होतं, म्हणून कोणी हरकत घेतली नव्हती. पण २६०/२३० चे आकडे ०.७ ते १.१ होते, स्वच्छ डीएनएला ते २ च्या जवळ लागतात. शर्करा आणि फिनॉल तिथेच दिसतात. पडताळणीसाठी दोनदा केलेले दहा नमुने होते खरे, पण ते सगळे क आणि ख मधले, कारण ती रानं आधी झाली होती. जिथे बिघाड होता तिथे पडताळणीच नव्हती.

शंका सिद्ध करायला दोन प्रयोग पुरले. पहिला: क च्या एका चांगल्या नमुन्याच्या नळीत घ चा तितकाच डीएनए घातला. घ मध्ये तो पट्टा आनुवंशिकदृष्ट्या नसेल तरी क चा पट्टा मिश्रणात दिसलाच पाहिजे. दिसला नाही. घ च्या थेंबाने क चे लांब पट्टेही घालवले. म्हणजे त्या थेंबात डीएनएच्या प्रती काढणाऱ्या टॅक विकराला रोखणारं काहीतरी होतं. दुसरा: घ चे बारा नमुने पाचपट पातळ करून पुन्हा लावले. डीएनए कमी झाला, पण रोखणारा पदार्थही कमी झाला आणि बारापैकी नऊ नमुन्यांत लांब पट्टे परत आले. उरलेल्या तिघांचा मूळ डीएनए ०.८ टक्के जेलवर चालवला तर ठळक पट्ट्याऐवजी वरपासून खालपर्यंत धुरकट ओघळ दिसला. ते डीएनए तुटलेलेच होते. पातळ करून किंवा बीएसए (रोखणारे पदार्थ पकडणारं प्रथिन) घालून त्यांचं काही झालं नसतं. अशा झाडांची पानं नव्याने आणायलाच हवीत.

परवानगीची मुदत शिल्लक होती, म्हणून पाऊस थांबल्यावर घ रानातून नवी पानं आणली. जुन्यांपैकी वाचवण्याजोगे नमुने मिठाने साफ केले: १०० मायक्रोलिटर डीएनएमध्ये ५ मोलर मीठ ६७ मायक्रोलिटर, म्हणजे मिश्रण सुमारे २ मोलर होतं, मग दुप्पट इथेनॉल आणि ४ अंशांवर २० मिनिटं. एवढ्या मिठात शर्करा विरघळलेल्या राहतात आणि डीएनए खाली येतो. उणे २० अंशांत ठेवलं तर मीठही बसतं, म्हणून घाई करून फ्रीझरमध्ये टाकू नये. नंतर ७० टक्के इथेनॉलने दोनदा धुवायचं, नाहीतर उरलेलं मीठच पुढची अभिक्रिया बिघडवतं. डीएनएचं प्रमाणही नुसत्या आकड्यावर न ठरवता, प्रमाण ठाऊक असलेल्या लॅम्डा डीएनएच्या शेजारी जेलवर चालवून ठरवलं; २६० ला आरएनए आणि फिनॉलही प्रकाश शोषतात, त्यामुळे ‘२५ नॅनोग्रॅम’ म्हणून घातलेला डीएनए कधीकधी त्याच्या निम्माही नसतो.

सगळ्यात मोठा बदल मांडणीत केला. दर खेपेला २४ नमुने, पण चारही रानांतले सहा-सहा, चिठ्ठ्या काढून मिसळलेले. नळ्यांवर फक्त आकडे. पट्टे वाचणाऱ्याला कोणता नमुना कुठला हे ठाऊक नाही. दर खेपेला डीएनए न घातलेली एक नळी, आणि चारही रानांतून मिळून दहा नमुने पानापासून पुन्हा केलेले. एखादी खेप बिघडली तर चारही रानं सारखीच बिघडतील, एकटं कोणी वेगळं पडणार नाही. दहा जोड्यांच्या ६१० तुलनांत १७ जागी फरक आला, म्हणजे २.८ टक्के. जे सात पट्टे पुन्हा पुन्हा दगा देत होते ते काढून ५४ वर हिशेब केला.

नव्या चित्रात घ चं वेगळेपण नाहीसं झालं. त्याचे ठिपके जरा एका कडेला आहेत, पण ग च्या ठिपक्यांत मिसळलेले. बहुतेक विविधता रानारानांत नसून प्रत्येक रानाच्या आत, झाडाझाडांत आहे. लांब आयुष्याच्या, एकमेकांकडून पराग घेणाऱ्या झाडांत असंच अपेक्षित असतं, आणि नरक्यात काही झाडं नर, काही मादी, काही द्विलिंगी असतात. आणखी एक गोष्ट कळली: घ मधली दोन झाडं ५४ पैकी ५४ पट्ट्यांत तंतोतंत सारखी निघाली. आणि घ मध्ये उरलेल्या मोजक्या फळझाडांत या दोघांची गणना होती. जागेवर जाऊन पाहिलं तर एक जुना बुंधा मातीखाली आडवा गेलेला होता. एकाच बुंध्याची ती दोन टोकं. घ मधली फळझाडं आम्ही मोजली होती त्याहून एकाने कमी झाली.

आयएसएसआर जे पट्टे दाखवतं त्यांतले बहुतेक झाडाच्या जगण्यावर परिणाम न करणारे असतात. पाऊस, उंची, माती यांना सरावलेपण त्यांतून कळत नाही. म्हणून ग मधलं बी घ मध्ये न्यायला हरकत नाही असं लिहिताना, ते घ च्याच उंचीच्या पट्ट्यातून घ्यावं अशी अट घातली. दुसरी अट, बी अनेक झाडांचं घ्यायचं, ही रोपवाटिकेतल्या माणसांना आधी पटली नाही, कारण फळांनी लगडलेल्या एका झाडाखाली पोतंभर बी मिळतं. पण ते पोतं म्हणजे एकाच आईची लेकरं. शेवटी ठरलं ते असं: ग मधली निदान २० फळझाडं, प्रत्येकाचं बी सारखंच, ५०-५०, प्रत्येक आईची पिशवी वेगळी, पिशवीवर झाडाचा क्रमांक, आणि वाफ्यातही तोच क्रमांक. घ मधल्या झाडांचंही जेवढं मिळेल तेवढं बी त्यातच, पण त्या दोन टोकांची पिशवी एकच.