आमची वाटचाल : पडद्यावरून काउंटरवर

२०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सनी नोंदणीकृत फार्मासिस्टला ५ वर्षांत किमान २ रिफ्रेशर कोर्स सांगितले, प्रत्येकी निदान एका दिवसाचा. असे कोर्स घेणाऱ्या आमच्या छोट्या फर्मचं काम त्याच मागणीवर सुरू झालं आणि पहिले कोर्सही ठरलेल्या साच्यातले होते: सभागृह, पडद्यावर स्लाइड, सकाळी मधुमेह, दुपारी रक्तदाब, जेवणानंतर डुलक्या. प्रमाणपत्र सगळ्यांना मिळे, पण दुकानात चिठ्ठी हातात आल्यावर त्यातलं फारसं काही उपयोगी पडत नसे. औषधाचा गट आणि दुष्परिणाम डिप्लोमावाल्यालाही पाठ असतात. अडतं ते पुढे: समोर उभ्या असलेल्या या पेशंटला हे औषध, या मात्रेत, चालेल का? २०२० च्या नियमांनी फार्माकोथेरप्युटिक्स (कोणत्या आजारात कोणतं औषध कसं द्यायचं) हा वेगळा विषय डिप्लोमात आणला. आमच्याकडे येणारी बहुतेक मंडळी त्याआधी शिकलेली.

म्हणून स्लाइड कमी केल्या आणि चिठ्ठ्या वाढवल्या. आता एका बॅचला १६ जण, दुपारी २ ते ४, म्हणजे काउंटरवर गर्दी नसते तेव्हा. प्रत्येकाजवळ कॅल्क्युलेटर हवाच. मोबाइलवरचं ॲप पहिल्या दिवशी चालत नाही. आकडे कुठून येतात हे हाताने केल्याशिवाय कळत नाही.

पहिला धडा किडनीचा. ७२ वर्षांच्या बाई, वजन ४५ किलो, क्रिएटिनीन (किडनीचं काम कळायला रक्तात तपासतात तो घटक) १.२. बऱ्याच रिपोर्टवर हा आकडा ठळक छापलेला नसतो, त्यामुळे 'नॉर्मल आहे' म्हणून चिठ्ठी पुढे सरकते. किडनी रक्त किती वेगाने साफ करते (क्लिअरन्स) याचा अंदाज देणारं कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचं सूत्र मांडा: १४० वजा वय, गुणिले वजन, भागिले ७२ गुणिले क्रिएटिनीन, बाई असतील तर आलेल्या उत्तराला ०.८५ ने गुणायचं. इथे ३०६० भागिले ८६.४, म्हणजे ३५.४, गुणिले ०.८५, म्हणजे साधारण ३०. याच बाईंना लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक ५०० मिलिग्रॅम रोज लिहिलेलं असेल, तर पहिला डोस ५०० चा ठीक, पुढे रोज २५० पुरतं; हे डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. चुका ठराविक जागी होतात. ०.८५ विसरतात. वजन अंदाजे ६० धरतात, म्हणून आम्ही दुकानात वजनकाटा ठेवायला सांगतो. आणि क्रिएटिनीन रोज चढत असेल तर या सूत्राचा आकडा फसवतो, हे कुणी सांगितलेलंच नसतं. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीचा निर्णय मात्र लॅबने दिलेल्या ईजीएफआरवर (किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा लॅबने काढलेला अंदाज): ३० च्या खाली बंद, ३० ते ४५ मध्ये नव्याने सुरू करायचं नाही आणि आधीपासून चालू असेल तर मात्रा कमी करण्याबद्दल विचारायचं. दोन आकड्यांची गल्लत करू नये.

मेथोट्रेक्सेटला आम्ही पूर्ण तास देतो आणि तो कमीच वाटतो. संधिवाताला ही गोळी आठवड्यातून एकदा असते. पाकिटावर हाताच्या सवयीने 'रोज' लिहिलं गेलं की जिवावर बेतू शकतं. २.५ मिलिग्रॅमच्या ३ गोळ्या आठवड्याला, म्हणजे १० ची स्ट्रिप ३ आठवडे पुरून एक गोळी उरते. पेशंट चौथ्या दिवशी दुसरी स्ट्रिप मागायला आला तर काहीतरी बिनसलंय, आणि हे ओळखायला कुठलंही पुस्तक उघडावं लागत नाही, बिलाची तारीख पाहिली की पुरे. पाकिटावर वार लिहायचा: 'फक्त सोमवार'. फॉलिक ॲसिड दुसऱ्या वारी. तोंडात फोड, ताप, कोरडा खोकला किंवा धाप यांतलं काही असेल तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवायचं. त्याच पेशंटच्या हातात को-ट्रायमॉक्साझोल या अँटिबायोटिकची नवी चिठ्ठी दिसली तर औषध देण्याआधी डॉक्टरांना फोन, कारण ही दोन औषधं एकत्र घातक ठरू शकतात.

फोन कसा करायचा याचाही सराव लागला. 'सर, हे चुकलंय' असं म्हटलं की संभाषण तिथेच संपतं. 'सर, बाईंचं वजन ४५ आहे, क्लिअरन्स ३० येतोय, लिव्होफ्लॉक्सासिन ५०० रोज देऊ की पहिल्या डोसनंतर २५० करू?' यात आकडा आहे, पर्याय आहे आणि उत्तर एका शब्दात देता येतं. फोननंतर चिठ्ठीच्या मागे वेळ आणि मिळालेलं उत्तर लिहून ठेवायचं.

इन्सुलिनसाठी टेबलावर सलाइन, रिकाम्या बाटल्या आणि दोन सिरिंज ठेवतो: लाल टोपीची ४० ची, केशरी टोपीची १०० ची. आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्या १ मिलिलिटरला ४० युनिटच्या, पेनची कार्ट्रिज १०० ची. पेन बिघडला म्हणून कुणी कार्ट्रिजमधून ४० च्या सिरिंजने '२०' च्या रेघेपर्यंत ओढलं तर हातात अर्धा मिलिलिटर, म्हणजे ५० युनिट येतं. उलट, ४० च्या बाटलीवर १०० ची सिरिंज लावली तर २० च्या रेघेला ८ युनिटच जातं आणि साखर खाली येत नाही; मग डोस वाढवला जातो, सिरिंजकडे कोणी पाहतच नाही. बाटलीबरोबर सिरिंज दिली तर रंग बोलून दाखवायचा.

बाळांच्या पॅरासिटामॉलचंही असंच. ८ किलोच्या बाळाला १५ मिलिग्रॅम प्रति किलो धरून १२० मिलिग्रॅम, म्हणजे १२०/५ च्या (५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम) सिरपचे ५ मिलिलिटर. १०० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या ड्रॉप्सचे फक्त १.२. सिरप संपलं म्हणून ड्रॉप्स दिले आणि 'एक चमचा' (५ मिलिलिटर) तोंडी सांगितलं की चौपटीहून जास्त.

इनहेलरचा भाग सर्वांत हलकाफुलका, तरी इथेच सगळ्यात जास्त हसू होतं. फार्मासिस्ट स्वतःच पंप दाबून मग श्वास घेतात. आधी पूर्ण श्वास सोडायचा, सावकाश आत घेताना दाबायचं, १० सेकंद रोखायचं. स्टेरॉइड असेल तर गुळण्या. रोटाहेलरला (कॅप्सूलमधली कोरडी पावडर ओढायचं उपकरण) उलट, जोरात ओढायचं, आणि त्यात फुंकर मारायची नाही. पावसाळ्यात कॅप्सूल दमट होऊन आतली पावडर चिकटते, तेव्हा ती ऐन वेळीच बाहेर काढायची. ती गिळायची नसते, हेही सांगावं लागतं.

अजून एक अडचण सुटलेली नाही. कोर्सला येतो तो फार्मासिस्ट आणि संध्याकाळी ७ च्या गर्दीत काउंटरवर दिसतो तो मदतनीस. फार्मसी कायद्याप्रमाणे चिठ्ठीवरचं औषध फार्मासिस्टच्या हातूनच जायला हवं. म्हणून बॅचच्या शेवटी मदतनिसांसाठी पाऊण तास ठेवलाय. त्यांना औषधशास्त्र शिकवत नाही. मेथोट्रेक्सेट, इन्सुलिन, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि एका वर्षाच्या आतल्या बाळाचं कुठलंही औषध: हे चार खोके ओळखायचे, बिल करायचं नाही, आतून फार्मासिस्टला हाक मारायची. फार्मासिस्ट आत नसला तर पेशंटला थांबवायचं. यावर दर बॅचला वाद होतो, कारण थांबवलेलं गिऱ्हाईक शेजारच्या मेडिकलमध्ये जातं.