छत्री आणि अर्धा तास शांतता
आज सुट्टी होती आणि काम काहीच उरकलं नाही, कारण दुपारी सहज म्हणून 'रिफिफी' हा फ्रेंच सिनेमा लावला, १९५५ चा, ब्लॅक अँड व्हाइट, आणि मग उठताच येईना. त्यातली चोरी जवळपास अर्धा तास चालते, एक डायलॉग नाही, म्युझिक नाही!! मी दोनदा हेडफोन काढून बघितले, बिघडले की काय म्हणून.

वरच्या मजल्यावरच्या घराची जमीन फोडून खाली दागिन्यांच्या दुकानात उतरायचंय, पण ढिगारा खाली पडला तर अलार्म वाजणार, मग काय, छोट्याशा भोकातून मिटलेली छत्री खाली सोडतात, ती तिथे उघडतात आणि सगळा चुरा अलगद त्या छत्रीत. आणि अलार्ममध्ये आग विझवायचा फेस भरतात, घ्या! यातला तिजोरी फोडणारा म्हणजे खुद्द डायरेक्टर ज्यूल्स दासँ, हे मला आज कळलं.

'हीट' या हॉलिवूड सिनेमातला रस्त्यावरचा गोळीबार पण आपला लाडका आहेच, तो आवाज शूटिंगच्या जागीच रेकॉर्ड केलेला, म्हणून अंगावर येतो. पण खरं सांगू का, त्या छत्रीपुढे बंदुका फिक्या वाटल्या राव. कपडे अजून मशीनमध्येच आहेत.